दुष्काळातून आल्यासारखं

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी लुंडमधल्या बेकऱ्यांबाहेर उजाडायच्या आतच रांग लागते. दक्षिण स्वीडनचा हिवाळा चित्रातल्यासारखा पांढराशुभ्र नसतो. बर्फ पडतो तो दुपारपर्यंत वितळून रस्ते काळेओले करून जातो आणि डेन्मार्ककडच्या सामुद्रधुनीवरून येणारं वारं कानाच्या पाळ्या बधिर करून सोडतं. अशा हवेत लोक निमूट उभे असतात. दार उघडून कुणी बाहेर आलं की उबेबरोबर वेलदोड्याचा वास येतो आणि सगळी रांग एक पाऊल पुढे सरकते. हजारो मैलांवरून आलेला हा मसाला इथल्या पावात इतका मुरलाय, की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मला मात्र तो वास आला की क्षणभर कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं वाटतं.

या दिवसाचं नाव फेत्तिसदाग. ‘फेत’ म्हणजे चरबी, ‘तिसदाग’ म्हणजे मंगळवार. ईस्टरच्या ४७ दिवस आधी येणारा हा दिवस एकाच पदार्थाचा असतो. मैद्याचा, वेलदोडा घातलेला गोल पाव घ्यायचा. त्याची टोपी कापून बाजूला ठेवायची. आतला मऊ गर काढून तो बदामाच्या गोड लगद्यात आणि चमचाभर दुधात कालवायचा, पुन्हा आत भरायचा. त्यावर फेटलेल्या क्रीमचा बोटभर उंच थर, त्यावर ती टोपी आणि टोपीवर पिठीसाखर. बाकीचा देश याला सेम्ला म्हणतो. आमच्या या दक्षिणेकडच्या स्कोने भागात जुनी माणसं फास्तलाग्सबुल्ले म्हणतात, म्हणजे उपासाच्या उंबरठ्यावरचा पाव.

मी इथे आले त्या पहिल्या वर्षी भाषेच्या वर्गात शिक्षिकाबाईंनी भलंमोठं खोकं आणलं होतं. वर्गात अकरा देशांतली माणसं होती आणि कुणालाच एकमेकांची भाषा येत नव्हती. आम्ही नाकाला क्रीम लावून घेत हसत होतो आणि खात होतो. मी तीन खाल्ले. तिसरा संपताना पोटाला तडस लागली होती, पण परदेशात आल्यापासून आपण कुणाच्या तरी घरी जेवतोय असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. घरी चालत येताना खूप जुनं एक वाक्य आठवलं, आणि गेली काही वर्षं या दिवसाबद्दल मी जे जे वाचत गेले ते त्या वाक्यापाशीच येऊन थांबत राहिलं.

नऊ-दहा वर्षांची असेन. कुठल्याशा लग्नात मी एकामागून एक गोड वाढून घेत होते. काकू सगळ्यांदेखत म्हणाली, “दुष्काळातनं आल्यासारखं काय खातेस गं?” हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय. माझा हात थांबला. तेव्हा शेजारी बसलेली आजी, जिने दोन दुष्काळ खरोखरचे काढले होते, ती काकूला म्हणाली, “अगं, दुष्काळातनं आलेलं माणूस असं नाही खात. ते आधी थोडं पदरात बांधून ठेवतं, मग खातं.” आवाज चढला नव्हता. काकू गप्प झाली. मी मात्र त्यातलं फक्त एवढंच घेतलं, की आजी माझ्या बाजूने आहे, आणि पुढचा घास घेतला.

जास्त खाण्यासाठी मराठीत जितकी क्रियापदं आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या कशासाठी असतील. आडवा हात मारणं, ताव मारणं, फडशा पाडणं, चापणं, ओरपणं, हादडणं, चरणं, गिळणं. यातली पहिली कौतुकाची आणि शेवटची रागाची. ताट तेच, घासही तेवढेच. खाणारा लाडका असला तर तो ताव मारतो, डोळ्यांत खुपत असला तर गिळतो. किती खाल्लं याच्या आधी आपल्या भाषेला कोण खातंय हे बघायचं असतं. मला वाटतं, जगभर अतिखाण्याचा इतिहास लिहिला गेला तोही याच नजरेने.

इथे फेत्तिसदागला प्रत्येक जण नवख्या माणसाला एक गोष्ट सांगतो. राजा आडॉल्फ फ्रेडरिक सेम्ले खाऊन मेला. ही गोष्ट शाळेतली मुलं हसत सांगतात, रेडिओवाले दरवर्षी सांगतात, मलाही वर्गातच कळली. १२ फेब्रुवारी १७७१. तो फेत्तिसदागच होता. स्टॉकहोमच्या राजवाड्यात साठीच्या या राजाने रात्रीच्या जेवणात लॉब्स्टर, माशांची अंडी, आंबवलेली कोबी, धुरी दिलेला हेरिंग मासा, शलजम घातलेलं मांस आणि शँपेन घेतली. शेवटी त्याचा आवडता पदार्थ आला: खोलगट ताटलीत गरम दूध आणि दुधात बुडवलेला बदामी पाव. त्याला तेव्हा हेतवेग म्हणत. दंतकथा सांगते, त्याने हे १४ वेळा वाढून घेतलं. त्याच रात्री तो गेला. मृत्यू झटक्याने, बहुधा पक्षाघाताने आला असावा असं आज मानलं जातं, पण पुढच्या पिढ्यांनी लक्षात ठेवले ते १४ सेम्लेच. पोटाने मेलेला राजा, एवढीच त्याची ओळख उरली.

मी त्याच्याबद्दल आणखी वाचलं तेव्हा हसू मावळलं. आडॉल्फ फ्रेडरिक राजा होता तो काळ स्वीडनमध्ये ‘स्वातंत्र्ययुग’ म्हणून ओळखला जातो, कारण सत्ता संसदेच्या आणि तिच्या मंडळाच्या हातात होती. राजाने एखाद्या कागदावर सही करायला नकार दिला, तर त्याच्या सहीचा शिक्का तयार ठेवलेला होता. मंडळ तो शिक्का उमटवून काम पुढे नेत असे. म्हणजे राजाचा हातसुद्धा राजाजवळ नव्हता. १७६८ मध्ये त्याने काही दिवस राज्यत्याग करून पाहिला, पण त्यातूनही त्याला फारसं काही मिळालं नाही. तो स्वभावाने सौम्य होता. लाकूड कातायचं यंत्र घेऊन बसे, तपकिरीच्या सुबक डब्या बनवी. ज्या माणसाच्या सहीलाही किंमत नाही त्याच्याकडे हुकूम चालवायला काय उरतं? जेवणाचं टेबल. तिथे ‘आणखी वाढा’ म्हटलं की कुणीतरी खरंच आणखी वाढत होतं. त्या १४ ताटल्यांकडे मी आता तशी बघते, आणि मला तो एकटा वाटतो.

पण त्याच्याबद्दलची माझी माया तिथेच थबकते, कारण त्याच वर्षी पुढे जे झालं ते या हसऱ्या गोष्टीत कुणी सांगत नाही. १७७१ चं पीक गेलं. १७७२ चंही गेलं. १७७३ मध्ये भुकेच्या जोडीला हगवणीची साथ आली. स्वीडनमध्ये १७४९ पासूनच गावोगावचे पाद्री जन्ममृत्यूची नोंद छापील तक्त्यांत भरून पाठवत होते, त्यामुळे हा आकडा अंदाजाचा नाही. त्या एका वर्षात दर हजार माणसांमागे ५० हून अधिक मेली, म्हणजे नेहमीच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. देश तेव्हा जेमतेम वीस लाखांचा. ती माणसं पीठ पुरवण्यासाठी झाडाची साल कुटून भाकरीत घालत होती. पाइन वृक्षाची आतली पांढरट साल खरवडायची, वाळवायची, दळायची. उत्तरेकडच्या गावांनी हे कसब पिढ्यान्‌पिढ्या हाताशी ठेवलं होतं.

एका मंगळवारी राजा बदामी पाव खाऊन मरतो आणि त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत त्याची रयत सालीची भाकरी खाऊन मरते. हे दोन मृत्यू इतके शेजारी-शेजारी असताना लक्षात राहिला फक्त पहिला. हसता येण्यासारखा तोच होता म्हणून असेल.

खरं तर हा मंगळवार राजांसाठी नव्हताच. जुन्या ख्रिस्ती रिवाजात बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपास. मांस नाही, लोणी नाही, दूध नाही, अंडी नाहीत. घरात जे नासणार ते आदल्या दिवशी संपवायचं. इंग्लंडमध्ये त्याच मंगळवारी अंडी-दूध-लोणी एकत्र फेटून पॅनकेक करतात, पोलंडमध्ये त्याआधीच्या गुरुवारी तळलेले गोड पोंच्की खातात, डेन्मार्कमध्ये सेम्ल्याची चुलत भावंडं दिसतात. कार्निव्हल हा शब्दही ‘मांस दूर करणं’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आलेला. सोळाव्या शतकात स्वीडनने पोपशी नातं तोडलं, धर्मसुधारणा झाली, उपास गेले. पाव राहिला. उपासाचं कारण गेलं तरी उपासाआधीचं खाणं टिकलं, याचं लोकांना हसू येतं. मला त्यात नवल वाटत नाही. लोकांना त्या दिवसाची गरज देवासाठी नव्हती. फेब्रुवारी-मार्च हे कोठार तळाला जाण्याचे दिवस. पुढचं पीक अजून फार लांब. अशा वेळी वर्षातला एक दिवस तरी भीती न बाळगता पोटभर, पोटाच्याही वर खायचं, ही मुभा कुठून तरी मिळायला हवी होती.

ती मुभा माणसाने स्वप्नातही मागितली आहे. मध्ययुगातल्या युरोपभर एका देशाची वर्णनं फिरत होती. इंग्रजांचा कोकेन, जर्मनांचा श्लाराफनलांड, इटालियनांचा कुकान्या. तिथे नद्या दुधाच्या, भिंती मिठाईच्या, भाजलेले पक्षी स्वतःच तोंडात उडून येतात. ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराने १५६७ मध्ये तो देश रंगवला. ते चित्र आता म्युनिकच्या संग्रहालयात आहे. झाडाखाली तीन माणसं आडवी पडली आहेत: एक सैनिक, एक शेतकरी, एक पुस्तक बाळगणारा शिकलेला. भाजलेलं डुक्कर अंगात सुरी खोचलेली घेऊन चालतंय. पायवालं अंडं धावतंय. छप्पर गोड पोळ्यांचं. उजव्या कोपऱ्यात वर खिचडीसारख्या लापशीचा डोंगर आहे आणि त्याला भोक पाडून एक माणूस चमच्यासकट बाहेर पडतोय, कारण या देशात शिरायचं तर तो डोंगर खातच यावं लागतं.

हे चित्र आळशी, खादाड माणसांची टिंगल म्हणून सांगितलं जातं, आणि तो अर्थ त्यात आहेच. पण चित्राचं साल बघितलं की मला तो डोंगर खाणारा माणूस वेगळा दिसतो. दोनच वर्षांपूर्वी, १५६५ मध्ये, डेन्मार्कच्या राजाने स्वीडनशी चाललेल्या युद्धात ही सामुद्रधुनी बंद केली होती. हीच, जिचं वारं माझ्या कानांना लागतं. बाल्टिककडून येणारं धान्य अडकलं आणि नेदरलँड्समधल्या शहरांत भाव भडकले. ब्रॉयगेलचे गिऱ्हाईक आणि शेजारी त्या हिवाळ्यातून नुकते बाहेर पडले होते. लापशीच्या डोंगराचं स्वप्न ज्याचं पोट रोज भरतं त्याला पडत नाही. ज्याला वाडगाभर लापशी मिळायची मारामार, तोच तिचा डोंगर करतो.

नेपल्सच्या राजांनी हे स्वप्न चौकात उभं करून दाखवलं. अठराव्या शतकात कार्निव्हलच्या दिवसांत राजवाड्यासमोर पाव, चीज, मांस यांचे डोंगर, बागा, किल्ले रचत. त्यात जिवंत जनावरंही बांधलेली असत. तोफेचा बार झाला की भुकेल्या गर्दीला आत सोडायचे. माणसं एकमेकांना तुडवत, सुऱ्या चालत, काही क्षणांत सगळं ओरबाडून नाहीसं होई. राजा आणि त्याचे पाहुणे हे सज्जातून बघत. मी जेव्हा जेव्हा अतिखाण्याबद्दल वाचते तेव्हा मला तो सज्जा आठवतो. खाली खाणारे हावरट ठरले, आणि वर बघणाऱ्यांची नोंद रसिक म्हणून झाली.

रोमन लोकांबद्दल तर एक खोटंच पसरलेलं आहे. ‘व्होमिटोरियम’ नावाच्या खोलीत जाऊन ते ओकत आणि परत जेवायला येत, असं आपण शाळेपासून ऐकतो. व्होमिटोरियम म्हणजे रंगमंडलातून गर्दी बाहेर पडायची वाट. तिचा पोटाशी संबंध नाही. काही श्रीमंत रोमन जेवताना ओकत असत हे सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने रागाने लिहून ठेवलंय, पण तो राग शहरातल्या मूठभर धनिकांवरचा होता. आपण त्यावरून सगळं रोम रंगवलं. याउलट रोमचे कायदे जेवणावर बंधनं घालत होते. ख्रिस्तपूर्व १६१ च्या फानिउसच्या कायद्याने मेजवानीचा खर्च ठरवून दिला आणि पक्ष्यांमध्ये एकच कोंबडी वाढायची, तीही मुद्दाम खाऊ घालून लठ्ठ केलेली नको, असं सांगितलं. कायद्यात कोंबडीच लिहिली होती, म्हणून लोकांनी कोंबडे लठ्ठ करायला घेतले. प्लिनी या रोमन लेखकाने हे नोंदवून ठेवलंय.

पापांच्या यादीत खादाडपणा आला तो इजिप्तच्या वाळवंटातून. चौथ्या शतकातला एव्हाग्रिउस नावाचा साधू तिथे राहत होता. त्याने मनात येणाऱ्या आठ वाईट विचारांची यादी केली आणि पहिला क्रमांक खाण्याच्या लोभाला दिला. मी अपेक्षेने वाचायला घेतलं की तो आता पक्वान्नांचं वर्णन करील, जिभेच्या चोचल्यांवर टीका करील. त्याने लिहिलंय ते वेगळंच आहे. उपास करणाऱ्या साधूच्या मनात हा विचार येतो तेव्हा तो त्याला त्याचं पोट, यकृत, प्लीहा दाखवतो, लांबलेलं आजारपण दाखवतो, गरजेच्या वस्तूंची टंचाई आणि वैद्य नसणं दाखवतो. म्हणजे त्याच्या लेखी खादाडपणाचं मूळ चवीत नसून भीतीत होतं. उद्या मिळालं नाही तर? सोळाशे वर्षांपूर्वी एका भुकेल्या माणसाने हे स्वतःच्या आत डोकावून लिहिलं, आणि नंतरच्या शतकांनी त्यातली भीती वगळून पाप तेवढं ठेवलं.

त्या भीतीचा पुरावा पुढे प्रयोगशाळेत मिळाला. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात लाखो माणसं उपाशी होती आणि त्यांना पुन्हा खायला कसं घालायचं हे कुणालाच धड माहीत नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना त्यांच्याच संमतीने अर्धपोटी ठेवलं. हे तरुण युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले होते. सहा महिने पाव, बटाटे, शलजम, कोबी. त्यांचं वजन जवळजवळ चौथाईने उतरलं. ते ताटल्या चाटू लागले, स्वयंपाकाची पुस्तकं जमवून रात्री वाचत बसू लागले. प्रयोग संपल्यावर त्यांना हवं तेवढं खायला दिलं तेव्हा ते प्रचंड खात, पोट ताणलं जाई, आणि तरीही भूक लागलेलीच असे. कित्येकांना पुन्हा भरल्यासारखं वाटायला महिनोन्‌महिने लागले. पोट भरणं ही फक्त पोटाची गोष्ट नाही हे आजी-पणज्यांना ठाऊक होतं. इथे ते वजनकाट्यावर आणि कागदावर उतरलं.

आणि मिनेसोटाच. १८६७ मध्ये स्वीडनच्या उत्तरेत उन्हाळा आलाच नाही, जूनमध्ये तळ्यांवर बर्फ होता. १८६८ मध्ये दक्षिणेत, स्मोलांडसारख्या भागांत, पाऊस आला नाही. त्या वर्षांनंतर स्वीडनची माणसं जहाजं भरभरून अमेरिकेला गेली आणि त्यांतली फार मोठी संख्या मिनेसोटात स्थिरावली. भुकेचा प्रयोग झाला तो नेमका भुकेल्यांच्या नातवंडांच्या गावी.

माझ्या रोजच्या वाटेवर एक शाळा लागते. पिवळसर इमारती, सायकलींच्या रांगा, पाठीवर दप्तरं टाकलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं. विपान तिचं नाव. पूर्वी तिथे बौद्धिकदृष्ट्या अक्षम माणसांसाठी विपेहोल्म नावाची सरकारी संस्था होती. गोड खाण्याने दात किडतात का, हे बघण्यासाठी १९४० च्या दशकात तिथल्या माणसांना मुद्दाम बनवलेल्या, दाताला चिकटून राहतील अशा टॉफ्या खाऊ घातल्या. एका गटाला दिवसाला २४. त्यांना विचारलं नव्हतं, आणि ती माणसं नाही म्हणू शकत नव्हती. मिठाई बनवणाऱ्या उद्योगाचा पैसाही त्यात होता. कितीतरी जणांचे दात कायमचे गेले. त्यातून कळलं ते असं, की गोड किती खाल्लं याहून ते किती वेळा खाल्लं आणि किती वेळ दाताला चिकटून राहिलं हे महत्त्वाचं. मग सरकारने सल्ला दिला: मुलांना गोड द्या, पण आठवड्यातून एकदाच. आज स्वीडनमधल्या कितीतरी मुलांना शनिवारी गोळ्यांची पिशवी मिळते. मुलं तो शनिवार आठवडाभर मोजत असतात. इतका गोड रिवाज, आणि त्याच्या तळाशी त्या २४ टॉफ्या. अतिखाण्याच्या इतिहासात राजे, पोप, मल्ल यांची नावं येतात. विपेहोल्मच्या माणसांची नावं कुठल्याच गोष्टीत येत नाहीत. मी त्या शाळेवरून जाताना पाऊल जरा हळू टाकते, दुसरं काही करता येत नाही.

या देशात ‘लागोम’ नावाचा एक लाडका शब्द आहे. ना कमी ना जास्त, बेताचं. सगळं लागोम असावं असं इथे म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते वागतातही तसेच. म्हणूनच त्यांनी खाण्याचे दिवस एवढे लावून घेतलेत की काय कोण जाणे. ४ ऑक्टोबर दालचिनीच्या बनचा. तो १९९९ मध्येच सुरू झाला, घरी भाजण्याची हौस वाढावी म्हणून. २५ मार्च वॉफलचा, आणि त्याचा जन्म तर ऐकण्यातल्या चुकीतून झालेला: मेरीमातेच्या ‘वोरफ्रूदागेन’चा उच्चार पटापट बोलताना ‘वॉफेलदागेन’ झाला आणि लोकांनी वॉफल करायला घेतले. मला ही चूक फार आवडते. उच्चार घसरला तो सरळ तव्यावर.

सेम्ल्याचं मात्र थोडं वाईट वाटतं. आता तो नाताळची झाडं उतरवायच्या आत दुकानांत येतो आणि ईस्टरपर्यंत असतो. २०१५ मध्ये स्टॉकहोमच्या एका बेकरीने तोच ऐवज पोळीसारखा गुंडाळून विकला आणि त्यालाही रांगा लागल्या. चव उत्तमच असणार. पण तीन महिने रोज मिळणाऱ्या मंगळवाराला मंगळवार कसं म्हणायचं? त्या दिवसाला अलीकडे भूक होती आणि पलीकडे उपास, म्हणून त्याचं खाणं एवढं मोठं वाटत होतं. दोन्ही बाजूंचं कुंपण पडलं तर मधली जागा कुणाला दिसणार?

आमच्या मजल्यावर एक बाई राहतात, ८७ वर्षांच्या. स्वीडिशमध्ये लहानथोर सगळ्यांना एकेरीच हाक मारतात, पण मी मनात त्यांना आजीच म्हणते. दरवर्षी या मंगळवारी मी दोन सेम्ले घेऊन त्यांच्याकडे जाते. त्या ते जुन्या पद्धतीने खातात, म्हणजे राजा खायचा तसे. खोलगट ताटलीत पाव, त्यावर गरम दूध, चिमूटभर दालचिनी. पाव दूध पिऊन फुगतो, क्रीम कडेने वितळत जातं आणि खिडकीवर वाफ धरते. टेबलावर बर्चच्या फांद्यांना रंगीत पिसं बांधलेली असतात, तीही या दिवसांचीच.

यंदा गेले तेव्हा त्यांनी दूध तापत ठेवलं, आणि माझं पहिल्यांदाच एका गोष्टीकडे लक्ष गेलं. खायला सुरुवात करण्याआधी त्यांनी स्वतःच्या पावाची टोपी उचलली, लोण्याच्या कागदात नीट गुंडाळली आणि खिडकीतल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. मग चमचा हातात घेतला.

“उद्यासाठी?” मी विचारलं.

“उद्या काही खाणार नाहीये मी ते. वाळून जातं. टाकूनच देते.” त्या जरा थांबल्या. “आमची आजी ठेवायची. स्मोलांडची होती. त्या कोरड्या वर्षी सहा वर्षांची होती. आम्ही लहान असताना काहीही पुढ्यात आलं तरी ती आधी बाजूला काढायची, मग खायची. ती नव्वदीपर्यंत जगली. तोवर घरात सगळं होतं. तरी काढायची.”

मी त्यांना माझ्या आजीचं वाक्य सांगायचा प्रयत्न केला. दुष्काळाला शब्द होता, भुकेला होता, बांधून ठेवण्यालाही होता. पदराला नव्हता. मी गळ्यातला मफलर काढला, त्याच्या टोकात टेबलावरचा साखरेचा खडा ठेवला, गाठ मारली आणि दाखवली.

त्यांनी ते टोक हातात घेतलं, गाठ बोटांनी चाचपून पाहिली.

“एवढ्यात किती मावणार?” त्या म्हणाल्या, आणि दोनाऐवजी तीन आणलेत हे लक्षात आल्यावर तिसरा सेम्ला माझ्या ताटलीत ठेवून पुन्हा दूध तापवायला उठल्या.